सतराव्या मजल्यावरची ओटी

अम्मी गावाहून आमच्याकडे माजिवड्याला राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "तुमच्या आई रोज संध्याकाळी दाराबाहेर बसलेल्या दिसतात. घरात काही अडचण आहे का?" विचारणं सभ्य होतं, पण त्यामागचा संशय आम्हाला कळला आणि तो लागलाही.

अडचण कसलीच नव्हती. असरची नमाज झाली की अम्मी दार उघडायच्या, बाहेर ठेवलेल्या चपलांच्या बुटक्या कपाटावर डोईवरचा पदर सारखा करून बसायच्या आणि लिफ्टकडे बघत राहायच्या. लिफ्टमधून जो बाहेर येईल त्याला विचारायच्या, "आलात? आज उशीर झाला." समोरच्या फ्लॅटमधली नोकरी करणारी मुलं आधी गोंधळायची, मग हसून "हो आजी" म्हणायची. गावाला त्या ओटीवर अशाच बसत. पाखाडीवरून जाणारा प्रत्येक माणूस ओटीवरच्या माणसाशी चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. इथे सतराव्या मजल्यावर पाखाडी नव्हती, तेव्हा अम्मींनी लिफ्टलाच पाखाडी केली.

हे सगळं सांगायचं कारण असं की त्याच दिवसांत आम्ही दोघं घर सजवण्याच्या खटपटीत होतो, आणि ते सजवायचं होतं ते 'गावाकडच्या घरासारखं'.

आमच्यातल्या एकाचा जन्म मंडणगड तालुक्यातल्या जांभ्याच्या घरातला, दुसरीचा मुंब्र्यातल्या चाळीतला. २०१९ मध्ये कर्ज काढून आम्ही माजिवड्यात दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट घेतला. माजिवडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि जुना आग्रा रोड जिथे एकमेकांना भेटतात तो हा नाका. एका खिडकीतून उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब दिसतात, दुसरीतून येऊरचे डोंगर. खाली मूळचं आगरी-कोळ्यांचं गावठाण आहे. तिथल्या अरुंद गल्लीतून जाताना अजून एखाद्या घराचा ओटा दिसतो, त्यावर सुकत घातलेली मासळी असते. वर आमच्यासारख्यांचे मनोरे. बिल्डरने दिलेला फ्लॅट सगळ्यांचा असतो तसाच होता. पांढऱ्या भिंती, आरशासारख्या चकचकीत फरश्या, छतात पांढरे दिवे. पहिल्या दिवशी डोळे दिपले. महिन्याभरात वाटायला लागलं की आपण दवाखान्यात राहतोय.

मग एका इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्याने टॅबवर फोटो दाखवले: लाकडी तुळया, मातीचे माठ, फुलाफुलांचे पडदे, वेताचे दिवे. 'फार्महाऊस लूक' म्हणाला, 'रस्टिक' म्हणाला. अंदाजपत्रक ९ लाखांचं निघालं. त्यातल्या तुळया खऱ्या नव्हत्याच. आतून पोकळ, वरून लाकडाची छपाई केलेली पत्री चिकटवलेल्या. विटांची भिंत म्हणजे विटांचं चित्र असलेला कागद. पण त्यात एक वस्तू खरी होती. जुन्या कोकणी घराचा दरवाजा आडवा करून, त्यावर काच घालून केलेलं हॉलमधलं टेबल. किंमत ८५,०००. त्या दरवाजाला जो कोयंडा होता, अगदी तसाच आमच्या गावच्या दरवाजाला आहे.

तो फोटो अम्मींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "आणि हे घर आता कुठे आहे?"

वादळानंतर

अम्मी माजिवड्याला का आल्या हे सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. आमच्या घराची मागच्या अंगाची कौलं पत्त्यांसारखी उडून परसात पडली. कित्येक दिवस वीज नव्हती. ते लॉकडाऊनचे दिवस. इथून कोणी पटकन जाऊही शकत नव्हतं. चुलत्यांनी प्लॅस्टिक बांधलं, पुढे सरकारी मदतीत थोडी भर घालून तेवढ्या भागावर पत्रे टाकले. पावसाळा संपल्यावर आम्ही अम्मींना घेऊन आलो. दाराला कुलूप लागलं. त्या घराच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच.

कुलूप लागलेल्या घराचा वास काही लोकांना लांबून येतो. वर्षभराने दोघं जण मोटारीतून आले आणि शेजारच्या चाचांकडे चौकशी करून गेले: मुख्य दरवाजा चौकटीसह, ओटीचे चार सागवानी खांब आणि झोपाळा. सगळ्याचे मिळून ४५,००० देऊ म्हणाले. घराचे हिस्सेदार चार. कुवेतला असलेल्या चुलतभावाचा फोन आला: "घर पडणारच आहे. निदान लाकूड तरी वाया जाणार नाही. देऊन टाकू." त्याचं चुकीचं होतं असं छातीठोकपणे आम्हालाही म्हणता येईना. पत्र्याखाली गळत होतं, वाशांना वाळवी लागली होती.

म्हणजे एकीकडे आमचं खरं घर ४५,००० ला सुटं होऊन विकलं जाणार होतं, आणि दुसरीकडे त्याच घराची नक्कल ९ लाखांना आमच्या हॉलमध्ये बसणार होती. हा हिशेब एकदा डोक्यात बसल्यावर झोप लागेना.

'गावाकडचं' म्हणजे नक्की काय?

त्या काळात आम्ही या विषयावर जमेल तेवढं वाचलं, आणि एक गंमत कळली. ज्याला आज जगभर 'कंट्री स्टाईल' म्हणतात, त्याचं मूळ इंग्लंडच्या खेड्यातल्या घरात आहे असं मानतात. फुलाफुलांच्या सुती कापडाचे पडदे आणि त्याच कापडाने मढवलेल्या खुर्च्या ही त्याची ठळक खूण. त्या कापडाला इंग्रजीत 'चिंट्झ' म्हणतात. हा शब्द आपल्या 'छींट'वरून गेलेला. मराठीत आपण 'चीट' म्हणतो. आपल्या नान्या-दाद्या चिटाचे परकर शिवायच्या तेच हे. सतराव्या शतकात मछलीपट्टणच्या किनाऱ्यावरून आणि गुजरातमधून हे कापड जहाजं भरभरून युरोपात गेलं. ते तिथे इतकं खपलं की तिथले विणकर पेटून उठले. फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली, आणि १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने असं छापील सुती कापड वापरण्यावरच जवळपास पूर्ण मनाई केली. पुढे तिकडच्या गिरण्या तेच कापड छापू लागल्या आणि ते 'इंग्लिश' झालं. आता ते परत येऊन ठाण्याच्या मॉलमध्ये 'इंग्लिश कंट्री' म्हणून मिळतं. आम्ही ते तिथून घेतलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गावच्या घराचंही तसंच. आम्ही समजत होतो की ते मातीतून उगवलंय, त्यात बाहेरचं काही नाही. पण बघा. भिंतीचा चिरा तेवढा खरा तिथला. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणूनच कुऱ्हाडीने त्याच्या विटा पाडता येतात. डोक्यावरची मंगलोरी कौलं मात्र १८६५ नंतरची. त्या साली बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगलोरला पहिला कौलांचा कारखाना काढला, आणि तिथून ही कौलं गलबतांतून किनाऱ्या-किनाऱ्याने सगळीकडे पोहोचली. त्याआधी कोकणात गवताची, झापांची, नाहीतर कुंभाराने थापलेल्या लहान कौलांची छपरं असत. म्हणजे आमच्या पणजोबांनी ती कौलं चढवली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी नक्कीच नाकं मुरडली असतील की हे कसलं शहरी खूळ!

आत आलात तर आणखी गंमत. काचेच्या हंड्या विलायती. तामचिनीच्या निळ्या कडेच्या थाळ्या कुठल्यातरी बंदरातून आलेल्या. आमचे आजोबा जहाजी होते. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष बोटीवर किंवा परदेशी होते. पुढची पिढी आखातात गेली. त्याही आधी काही जण दक्षिण आफ्रिकेत गेले. केप टाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. जो जाई तो येताना काहीतरी आणी, आणि जे येई ते कोनाड्यात, फळीवर, खुंटीवर जागा करून बसे. घर सजवायचं म्हणून कोणी सजवलं नव्हतं. कोणीतरी दूर गेलं होतं आणि परत आलं होतं, त्याच्या त्या खुणा होत्या.

हे कळल्यावर इंटिरियरवाल्याच्या फोटोंतला मजा गेला. त्याला नम्रपणे नाही म्हटलं. आणि आम्ही दोघांनी ठरवलं की साठवलेले ४ लाख आधी गावच्या छपरावर घालायचे. उरेल त्यात फ्लॅट. लेक तेव्हा नववीत होती. तिने दोन दिवस अबोला धरला. मैत्रिणींना दाखवायला तिला घर सुंदर हवं होतं, आणि त्यात तिचंही काही चुकत नव्हतं.

उरलं त्यात

सुरुवात अम्मींच्या बैठकीपासून केली. सेक्रेटरींचं एक म्हणणं बरोबर होतं: मजल्यावरचा पॅसेज हा आग लागली तर पळायचा रस्ता असतो, तिथे बाक, कपाट, कुंड्या काही ठेवायचं नसतं. आमचं चपलांचं कपाटही चुकीचंच होतं. ते आत घेतलं. दार उघडल्याबरोबर डाव्या हाताला साडेचार फुटांची भिंत होती, जिथे इंटिरियरवाला शोभेचं काचेचं कपाट करणार होता. तिथे बाक घालायचा ठरला.

बाकाची फळी गावाहून आली. वादळात झोपाळ्यावर वासा पडून त्याची एक फळी तडकली होती आणि ती न्हाणीघरामागे भिजत पडली होती. चाचांनी ती आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला निघालेल्या टेम्पोत टाकून दिली. कडेचा कुजका भाग सुताराने कापला, रंधा मारला, तडा होता तिथे खालून पट्टी ठोकली. पॉलिश करू दिलं नाही. नुसतं जवसाचं उकळलेलं तेल दोन हात लावलं. ज्यांना असं जुनं लाकूड आणायचं असेल त्यांनी एक लक्षात ठेवावं: आणल्याबरोबर घरात घेऊ नका. आठ-दहा दिवस बाहेर उन्हात ठेवा, ठोकून बघा, बारीक पिठासारखा भुसा पडतोय का बघा. पडत असेल तर आधी वाळवी-भुंग्याचं औषध मारून घ्या. नाहीतर गावचा पाहुणा प्लायवूडचं अख्खं स्वयंपाकघर खाऊन टाकेल.

अख्खा झोपाळा टांगायची हौस अनेकांना असते, आम्हालाही होती. पण गावच्या घरात झोपाळा असतो तो जाड तुळईला. फ्लॅटच्या स्लॅबला बिल्डरने कडी सोडली नसेल तर आपल्या मनाने भोकं पाडू नयेत. सोसायटीच्या इंजिनियरला विचारावं, किंवा स्टँडवरचा झोपाळा घ्यावा. आम्ही बाकावर समाधान मानलं.

आता संध्याकाळी पाच ते मगरिबपर्यंत लाकडी दार उघडं असतं, जाळीचं बंद. अम्मी आत बाकावर बसतात. लिफ्ट दिसते. "आलात?" चालूच आहे. फरक इतकाच की आता समोरची मुलं थांबतात. एकाची आई सातारहून आली होती, ती तर रोज भाजी निवडायला इथेच येऊन बसायची.

दिवे बदलणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम निघालं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. बिल्डरचे दिवे ६५०० चे होते, म्हणजे थंड पांढरे. हॉल आणि झोपायच्या खोल्यांत २७०० ते ३००० चे लावले, कंदिलाच्या उजेडाच्या जवळ जाणारे. छतातले निम्मे बंदच ठेवले आणि दोन दिवे खाली, डोळ्यांच्या उंचीला आणले. पण इथे एक चूक केली. उजेड मऊ झाला तशी अम्मींना तिलावतीला अक्षरं दिसेनात. वय झालं की डोळ्यांना जास्त उजेड लागतो, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांच्या जागेपाशी मान वळणारा वेगळा दिवा बसवला, प्रखर, पण फक्त रेहलवर पडणारा.

फरशी बदलायला पैसे नव्हते, पण बदलावी लागली, निदान थोडी. अम्मी वुजू करून ओल्या पायांनी येताना घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. प्लॅस्टर सहा आठवडे. ज्या चकचकीत फरशीसाठी बिल्डरच्या जाहिरातीत आख्खं पान असतं, ती ओल्या पायाला साबणासारखी असते. बाथरूमपासून खोलीपर्यंतच्या पट्ट्यात खरखरीत फरशी घालून घेतली. हॉलमध्ये सुती सतरंज्या घातल्या, पण खाली रबराची जाळी टाकून. नुसती सतरंजी फरशीइतकीच घात करते. तागाची मात्र घेऊ नका. ठाण्याच्या पावसाळ्यात तिला दमट वास सुटतो, आणि वेताच्या खुर्च्यांवर जुलैत बुरशी येते. असलं काही घ्यायचंच असेल तर दिवाळीनंतर घ्या, म्हणजे निदान पहिले आठ महिने सुखाचे जातील.

सोफा तोच ठेवला. त्यावर सोलापुरी चादर. तिला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नक्कलही भरपूर. पोत हाताला जाड लागतो का आणि नक्षी दोन्ही बाजूंनी उलट-सुलट रंगात दिसते का ते बघून घ्यावी. पडद्यांसाठी भिवंडीतून कोरं मांजरपाट आणलं आणि खाली चिटाचा काठ लावला. हे शिवण अम्मींनी केलं, मनगट बरं झाल्यावर, डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली म्हणून.

त्या शिवणातून गोधडी निघाली. अम्मींच्या जुन्या साड्या, लेकीचे लहानपणचे फ्रॉक, मुंब्र्याच्या नानीचा एक दुपट्टा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका अशाच चिंध्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना 'कवंदी' म्हणतात. काठापासून सुरुवात करून आत-आत शिवत जायचं आणि शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावायची. फुलांशिवाय गोधडी उघडी समजतात. लेकीने तिचा व्हिडिओ शोधला आणि आमच्या गोधडीलाही चार फुलं लागली. अबोला तोवर कधीच संपला होता.

भिंतीवरून मात्र घरात वाद झाला. लेकीला एका भिंतीवर गेरू लावून वारली चित्र काढायचं होतं. ही आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याची कला. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तेव्हा वारल्यांचे बरेचसे पाडे तिकडे गेले. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कुडाच्या भिंतीवरून कागदावर आणि मग जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण नेमकी तीच भिंत पश्चिमेची. ठाण्यातून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला येतो. अम्मींची जानमाज त्या भिंतीसमोर अंथरली जाते. नमाजेत समोर माणसांच्या, जनावरांच्या आकृत्या नकोत असं त्यांचं म्हणणं. लेक म्हणाली, ती तर नुसती त्रिकोणं आहेत. अम्मी म्हणाल्या, "नाचताना दिसतात ना? मग माणसंच."

तोड लेकीनेच काढली. भिंत साधी फिक्या बदामी रंगाची ठेवली, बिनचमकीची. गेरू दाराच्या आतल्या चौकटीभोवती चार बोटं लावला आणि त्यावर तांदळाच्या पांढऱ्या रेघांत फक्त झाडं, डोंगर, ठिपके, जाळ्या. वारली लग्नात काढतात तो चौक तिने मुद्दाम टाळला. "तो त्यांच्या देवाचा आहे, आपल्या शोभेचा नाही," हे तिचं वाक्य ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुरआन शरीफ ठेवायला तिथेच भिंतीत उंचावर एक लाकडी ताक बसवला.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. माठ आणला, पण माठातलं पाणी गार होतं ते बाहेर झिरपणारं पाणी वाऱ्याने सुकतं म्हणून. दमट हवेत ते नीट होत नाही. तेव्हा खिडकीशी वारा लागेल असा ठेवा आणि पावसाळ्यात त्याच्याकडून फार अपेक्षा करू नका. तांब्या-पितळेची भांडी शोभेला ठेवायची तर कशीही ठेवा, रांधायची तर आधी कल्हई करून घ्या. पाटा-वरवंट्याने मात्र आमची लाज काढली. पहिल्याच दिवशी नारळ-मिरची वाटताना खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजला. आता पाट्याखाली दोन पदरी गोणपाट असतं आणि वाटण सकाळी नऊनंतरच होतं. खालच्या बाईंना महिन्यातून एकदा तिसऱ्यांचं कालवण जातं. तक्रार बंद आहे.

जेवणाचं टेबल आम्ही काढून टाकणार होतो. दस्तरखान अंथरून सगळ्यांनी एकत्र बसण्यात जी ऊब आहे ती टेबलावर नाही असं आमचं मत होतं. अम्मींनीच ते हाणून पाडलं. "माझे गुडघे तुमच्या हौसेसाठी नाहीत." टेबल राहिलं. जुम्म्याला आणि मेहमान आले की दस्तरखान पडतो, आणि अम्मी खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवतात.

या सगळ्याचा खर्च, फरशी आणि सुताराची मजुरी धरून, ७० हजारांच्या आत राहिला.

छपर

बाकीचे पैसे गावाला गेले. कुवेतच्या भावाशी दोन महिने फोनवर वाद झाला. त्याचं एक म्हणणं आम्हाला आजही खोडता येत नाही: "राहायला कोण जाणार आहे?" आम्ही म्हटलं, सुटीत जाऊ. तो म्हणाला, सुटीपुरतं छप्पर कोणी बांधतं का. शेवटी त्याने पैसे दिले नाहीत, पण दरवाजा विकायला लागणारी संमतीही दिली नाही. आमच्या दृष्टीने तेवढं पुरेसं होतं.

सुताराने मागच्या अंगाचे अकरा वासे बदलले. सागवान परवडणारं नव्हतं. कोकणात पूर्वापार घरांना वापरतात ते किंजळ लावलं. रिपा नव्या. कौलं नवी आणायची गरज पडली नाही, कारण गावात जो तो कौलं उतरवून पत्रे किंवा स्लॅब घालतोय. एका शेजाऱ्याने त्याची उतरवलेली कौलं गडग्याला लावून ठेवली होती, ती फक्त वाहतुकीच्या खर्चात मिळाली. धुवून चढवताना पाठीवरची नावं वाचायला मिळाली. एकाच छपरावर तीन वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं आहेत. त्यांचे सांधे नीट जुळत नाहीत, म्हणून एका कोपऱ्यात अजून ठिबकतं.

मे महिन्यात अम्मींना घेऊन गेलो. कुलूप उघडलं, त्यांनी ओटीवर पाणी मारलं आणि झोपाळ्याच्या रिकाम्या कड्यांकडे बघून म्हणाल्या, "फळी तिकडेच राहू दे. मला तिकडे बसायला लागते." मग आत गेल्या आणि पंधरा मिनिटांनी सेक्रेटरींना फोन लावून द्यायला सांगितला. सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची होती त्या आठवड्यात, ती धुतली का, हे त्यांना विचारायचं होतं.